भारनियमनातलं वाचन

यंदा मुलगी अकरावीला लातूरला गेली. दहावीला बरे मार्क पडलेलं वाशीतलं पोर लातूरची वाट धरतं, यात नवल काही राहिलेलं नाही. ट्रंक भरली, बादली-मग घेतला, खोलीचं डिपॉझिट भरलं. खुपलं ते वेगळंच. विषय निवडताना तिनं मराठी सोडून आयटी घेतलं. ‘मराठीत वेळ जातो गं आई, नीटला तिचा काय उपयोग? आयटीला आरामात मार्क पडतेत.’ फॉर्म भरून देणाऱ्या पोरानं मान डोलावली, तिच्या वडिलांनी डोलावली. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा हिनं मैत्रिणींबरोबर पेढे वाटले होते. वर्ष व्हायच्या आत अभिजात भाषा आमच्या घरातून पर्याय म्हणूनसुद्धा बाद झाली. पेढे मात्र चांगले होते. सरमकुंडी फाटा जवळ असल्याचा तेवढा फायदा.

ती गेल्यावर तिचं कपाट आवरायला काढलं आणि हाताला माझ्या घरखर्चाच्या जुन्या वह्या लागल्या. पुढच्या पानांवर दूध, गिरणी, गॅस, दवाखाना. मागच्या पानांवर मी लिहिलेलं काहीबाही. कोणी कोणतं पुस्तक वाचलं, कोण काय म्हणालं, कशावरून भांडण झालं. कोणाला दाखवायला लिहिलेलं नव्हतं. झोपायच्या आधी दोन ओळी खरडायची सवय होती, एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा वाशी नुकती तालुक्याची झाली होती. 1999 साली लोहारा आणि वाशी हे दोन नवे तालुके आमच्या जिल्ह्याला मिळाले. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता, आता धाराशिव आहे. तालुका झाला म्हणून गावाला तहसील मिळालं, ओळख काही मिळाली नाही. ‘वाशी’ म्हटलं की समोरचा अजूनही ‘नवी मुंबई का?’ विचारतो. एका मासिकाची वर्गणी भरली होती. त्याचे सुरुवातीचे अंक तिकडच्याच कोण्या वाशीकराने वाचले असावेत. सुखात राहो. त्या पहिल्या पाच-सहा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. वह्याही तसंच सांगतात: भाकरी, बाळंतपण, पाहुणे, पुन्हा भाकरी.

खरी वही सुरू होते ती भारनियमनाच्या काळात, म्हणजे ढोबळमानानं 2006 पासून 2016 पर्यंत. त्या काळात राज्यात विजेचा तुटवडा होता आणि जिथं गळती जास्त, वसुली कमी, तिथं अंधारही जास्त, असा सरकारी हिशेब होता. त्या हिशेबात आमच्यासारखी गावं कुठं बसणार हे सांगायला नको. 2012 च्या डिसेंबरपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याच्या घोषणा झाल्या. पण आमच्याकडं लाईट गेली की कधी येईल हे कोणी छातीठोक सांगायचं नाही. नेमकी संध्याकाळी जायची. आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, ‘चार दिवस सासूचे’ मालिका बुडायची आणि त्याचा राग माझ्यावर निघायचा. मालिका सासूची आणि बोलणी सुनेला, हे मला तेव्हाही गमतीचं वाटायचं.

घरात एक कंदील, एक चिमणी. चिमणी चुलीपाशी माझ्याकडं. रॉकेल रेशनचं, तेही मोजून, त्यामुळं दुसरा कंदील लावायची सोय नव्हती. मग सगळं घर एका कंदिलाभोवती. वाचायला एकालाच येईल एवढाच उजेड. त्यामुळं एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मुलांवर वाचनसंस्कार करायचे वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं. आजकाल भाषणांत बायका सांगतात ना, मी ठरवून मुलांना वाचनाची गोडी लावली. मला त्यांचं कौतुक वाटतं. आमच्या घरी ती गोडी विजेच्या टंचाईनं लावली.

थोरला मुलगा वाचायला शिकला तसा कंदील त्याच्याकडं गेला. सुरुवात ‘किशोर’नं. 1971 पासून बालभारती ते मासिक काढते. त्याचे जुने अंक शेजारच्या गुरुजींकडून यायचे, कोडी आधीच सोडवलेली. मग फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. नॅशनल बुक ट्रस्टचं ‘तोत्तोचान’ आलं तेव्हा वहीत नोंद आहे: ‘आज विचारलं, आपली शाळा एसटीत भरवता येईल का.’ जपानच्या त्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरायचे. आमच्याकडं रेल्वे नव्हती, म्हणून त्यानं एसटीवर भागवलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांची शाळा तिसरीत सुटलेली. दोन म्हशी, थोडी कोरडवाहू जमीन, सकाळ-संध्याकाळ खव्याच्या भट्टीवर दूध घालायचं. ते ऐकायला बसायचे नाहीत. दारात उंबऱ्याबाहेर बसायचे, पाठ आमच्याकडं, विडी हातात. ऐकत नाहीत असं आम्हांला वाटायचं. एकदा भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचायला घेतली. टोमॅटोला भाव मिळत नाही, बाप भर बाजारात आपला माल पायांनी तुडवतो, आणि ते त्याच्या पोराच्या डोळ्यांदेखत होतं. मुलगा वाचत होता. मामांनी विडी पायरीवर दाबून विझवली आणि म्हणाले, ‘बस कर.’ तो थांबला. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘मग काय केलं त्या पोरानं?’ पुढचं वाचून झाल्यावर म्हणाले, ‘कुठला हाय ह्यो लिव्हणारा?’ मी सांगितलं, आपल्याच जिल्ह्यातला, कळंबकडचा. ‘मग खरं असंल,’ म्हणाले आणि म्हशीला वैरण टाकायला उठले. पुस्तकांवरची मोठमोठ्या समीक्षकांची परीक्षणं मी नंतर वाचली. ‘मग खरं असंल’च्या तोडीचं एकही नाही.

2015 चा पावसाळा कोरडा गेला. जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या, मामा जनावरं घेऊन छावणीवर राहायला गेले. मुलगा शाळा सुटल्यावर सायकलवरून त्यांचा डबा घेऊन जायचा, आणि एक दिवस डब्याच्या पिशवीत ‘बनगरवाडी’ घेऊन गेला. माडगूळकरांचं ते पुस्तक 1955 चं, माणदेशातल्या मेंढपाळांच्या वाडीचं. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी मोडते. चाऱ्याच्या पेंढ्यांवर बसून ऐकणाऱ्यांना त्यात नवीन काय? पण म्हणे लोक जमायला लागले. दोन-चार म्हातारी माणसं, एक छावणीवर नोंदी घेणारा पोरगा. मामांनी घरी निरोप धाडला, ‘डब्याला उशीर झाला तर चालंल, पुस्तक विसरू नको म्हणावं.’

हे सगळं सुखाचं चाललं होतं असं नाही. जाऊबाईंचं मत होतं की मी पोराला बिघडवायलेय. घरी आले की पाहुणे विचारायचे, ‘अभ्यासाचं वाचायलास का नुसत्या गोष्टी?’ एका शिक्षकांनी तर मला शाळेत बोलावून घेऊन सांगितलं की मुलगा निबंधात स्वतःच्या मनाचं लिहितो, गाईडमधल्यासारखं लिहीत नाही, मार्क जातील. तेव्हा मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आता सांगते: सर, निबंध वाचण्याजोगा होता. गाईड तुमचं तुम्हांला लखलाभ.

2016 च्या सप्टेंबरात फुकट डेटाचं सिम बाजारात आलं. त्याआधी विजेचंही जरा सुधारलं होतं. घरात एकाच वेळी चार दिवे आणि तीन मोबाईल झाले, आणि चार दिव्यांखाली चार माणसं चार दिशांना बसली. कंदील माळ्यावर गेला. मामा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. नंतरच्या वह्यांत मागची पानं कोरी आहेत.

मधे एकदा वाचनाला उसळी आली. जानेवारी 2020 मध्ये त्र्याण्णवावं साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या गावी भरलं; फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष, ना. धों. महानोरांच्या हस्ते उद्घाटन. येरमाळा, येडशी करत एसटीनं आम्ही गेलो. पुस्तकांच्या गाळ्यांपुढं होती तेवढी गर्दी मी आमच्याकडं येडेश्वरीच्या यात्रेलाच बघितली होती. धाकटीनं आपल्या साठवलेल्या पैशातून पुस्तकं घेतली, पिशवी मला धरू दिली नाही. दोन महिन्यांनी टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर आली, आणि ज्या हातातून मोबाईल काढून घ्यायला मी भांडत होते त्याच हातात तो शाळेसाठी द्यावा लागला. ती पुस्तकं कपाटात सापडली. अर्ध्यांना अजून दुकानाचा वास आहे.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, 2015 पासून. पोरांना ओळीनं बसवून हातात पुस्तकं देतात, फोटो काढतात, फोटो ग्रुपवर पडतो, पुस्तकं परत पेटीत. एका फोटोत आमच्या धाकटीच्या हातातलं पुस्तक उलटं आहे. विचारलं तर म्हणाली, ‘बाईंनी पटकन म्हणल्यामुळं कोणी बघितलंच नाही.’ आणि वर्षभराची सोय म्हणावी तर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षं सरकारी अनुदान होतं वर्षाला 30 हजार. महिन्याला अडीच हजार. त्यात माणूस, वर्तमानपत्रं, लाईटबिल आणि पुस्तकंही. 2022 मध्ये ते 60 टक्क्यांनी वाढवलं, मोठी बातमी झाली. वाढवून महिन्याला चार हजार झाले. धाकटीच्या खोलीचं भाडं यापेक्षा जास्त आहे. वाचनालयांच्या 2012 च्या सरकारी पडताळणीनंतर नव्यांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ कित्येक वर्षं बंदच राहिली. भाषा मात्र अभिजात.

थोरला आता पुण्यात नोकरीला आहे. परवा फोनवर त्याला छावणीचं विचारलं. त्याला शेणाचा वास आणि पेंढ्या टोचायच्या ते आठवतं, पुस्तकाचं नाव आठवेना. पण आजोबांनी वाचन मधेच थांबवून म्हशींची मोजदाद करायला लावली होती, हे त्यानं बरोबर सांगितलं. म्हणाला, ‘आता ऑडिओबुक ऐकतो गं, जाता-येता, कानात घालून.’ कानात घातलेलं एकालाच ऐकू येतं, हे मी त्याला म्हणाले नाही. त्याच्या पगारावर बोलून फोन ठेवला.

दिवाळीला धाकटी चार दिवस येणार, सोबत टेस्ट सिरीज घेऊनच. ‘मनोरंजन’नं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात फराळासोबत अंक हवाच, अशी माझी समजूत. म्हणून तीन अंकांची नावं दुकानदाराला देऊन ठेवली. हिच्या वडिलांचं म्हणणं, तेवढ्या पैशात तिची आणखी एक टेस्ट सिरीज आली असती. येत नाही. मी लातूरला फोन करून किंमत विचारली.