कुंभार्ली उतरा, मग किनारा धरा

सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण समुद्रापर्यंत नेणारा हक्काचा रस्ता आहे. गुहागर-विजापूर महामार्ग जत, विटा, कराड, पाटण करत येतो, कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो आणि गुहागरला समुद्राशी जाऊन थांबतो. आपल्याकडची मंडळी कोकणात जायचं म्हटलं की थेट गणपतीपुळे गाठतात, दर्शन आणि जेवण उरकून आंबा घाटाने रात्रीच माघारी फिरतात. माझा आग्रह असा, की एकदा कराडहून निघून कुंभार्ली उतरा आणि पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे या. आंबा घाट परतीला ठेवा.

या वाटेवर आपलं पाणीही आपल्याबरोबर खाली उतरतं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून हे पाणी सांगलीवरून बंगालच्या उपसागराकडे जातं. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातला मोठा हिस्सा सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवला आहे. जलाशयाची साठवण १०५.२५ टीएमसी, त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीसाठी धरलं आहे. घाट संपता संपता पोफळी लागतं. इथल्या डोंगरातल्या वीजघरात टर्बाइन फिरवून हे पाणी पुढे वाशिष्ठीत जातं आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. पोफळीला पाच मिनिटं थांबून मागे वळून कडा बघा. घाटमाथा आणि कोकण यांच्यातली ती उंची, तिच्यावरच कोयनेची वीज उभी आहे.

गुहागरची पुळण लांब, सरळ आणि शांत आहे. तिथे एक संध्याकाळ पुरेशी. खरा खडकाळ किनारा पुढे वेळणेश्वर, हेदवीकडे सुरू होतो. रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढतो, लगेच एखाद्या वाडीत उतरतो, पुन्हा चढतो. सड्यावर जांभा असला, तरी खाली लाटांच्या तोंडाशी तोच काळा पाषाण आहे, जो कराड-पाटणच्या डोंगरांत दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ त्यात एक अरुंद, खोल भेग पडली आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या चिंचोळ्या जागेत घुसते, आत कोंडते आणि क्षणभराने गडगडत उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसेल.

म्हणून भरतीची वेळ साधायला हवी. कोकणात त्यासाठी सोपा हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, द्वादशीला नऊच्या. घळीच्या काठाशी मात्र जाऊ नका. शेवाळलेला खडक निसरडा असतो आणि लाट सांगून येत नाही.

हेदवीनंतर तवसाळ येतं आणि रस्ता शास्त्री नदीच्या खाडीशी तुटतो. गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि पलीकडे जयगडला उतरायचं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी अशा खाड्यांवर पूल बांधायचे ठरले आहेत. स्थानिकांना ते हवेतच. दवाखाना, शाळा, बाजार सगळं त्यावर अवलंबून असतं. पण प्रवाशाने पूल होण्याआधी एकदा तरी ही खाडी बोटीतून ओलांडावी. पाण्याच्या मध्यावरून एका बाजूला खाडी आत वळताना दिसते, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि टेकडीवरचा जयगड किल्ला.

पुढे केशवसुतांचं मालगुंड, मग गणपतीपुळे. त्यानंतरचा आरे-वारेचा रस्ता माझ्या मते या भागातला सर्वांत देखणा. कड्याला धरून वळताना दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात. रत्नागिरीहून साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर आणि घर.

भर पावसाळ्यात हा बेत करू नका. घाटात धुकं आणि दरडी, दोन्हींची भीती असते. दिवाळीनंतर निघा. तवसाळच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या, ती चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.