दोन मिनिटांचं तिकीट

मुलुंडच्या एका हॉलबाहेर श्रावणाच्या तोंडावर फलक लागला होता : ‘आपला बाप्पा आपल्या हातांनी, पेणच्या अस्सल मातीतून’. तीन तासांचा वर्ग. एप्रन मिळणार, लाकडी कोरण्या मिळणार, मधे चहा, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि आपण केलेली मूर्ती खोक्यात घालून घरी न्यायची. फी एवढी होती की त्यात पेणहून छोटी रंगवलेली मूर्ती आणून जाण्यायेण्याचा खर्चही भागला असता. फीचं काही वाटलं नाही, हौसेला मोल नसतं. मी अडले ती मातीपाशी. पेणला शाडू निघत नाही. ती गुजरातेतून पोत्यांत भरून ट्रकने येते. पेणचं जे अस्सल आहे ते तिथल्या माणसांच्या बोटांत आहे, आणि त्या बोटांचा फलकावर पत्ता नव्हता. म्हणून दिवा-रोहा मेमूत बसले आणि पेणच्या अलीकडचं हमरापूर स्टेशन आलं तिथे उतरले.

हमरापूरला गणपती शोधावे लागत नाहीत, वाट काढावी लागते. पडवीत, ओटीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, निळ्या ताडपत्रीखाली, जिथे कोरडी जागा तिथे मूर्ती. एका घरात तर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक, आणि घरातली माणसं अंग चोरून वरखाली करत होती. बाहेर भाताच्या खाचरांत पाणी उभं, आत रंग वाळावा म्हणून पंखे चालू. वास मात्र सगळीकडे एकच : ओला काथ्या आणि थिनर.

हा धंदा इथे आला पेण शहरातून. देवधरांच्या ‘कल्पना कला मंदिर’सारख्या जुन्या गणपतीच्या शाळांनी, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यांनी, पेणचं नाव केलं. शहरातल्या कारखान्यांत हात बसलेले कारागीर हळूहळू आपापल्या गावी स्वतःची शेड टाकू लागले, आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर ही सगळी गावं मूर्तीची झाली. खारेपाटातली शेती म्हणजे पावसाळ्यातलं एक भाताचं पीक. मूर्तीचं काम जवळजवळ बारमाही. हमरापूरची ओळख झाली ती कच्च्या मूर्तीमुळे. कच्ची म्हणजे बिनरंगाची, पांढरीफेक. मुंबई-पुण्याचे व्यापारी ती इथून उचलतात, आपल्याकडे रंगवतात आणि ‘पेणची मूर्ती’ म्हणून विकतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर सणाच्या कितीतरी महिने आधी जहाजावर चढलेल्या असतात.

मी ज्या कारखान्यात दिवसभर बसले, तिथे काम पाहायला कुणाचीच ना नव्हती. रबरी साच्यात प्लॅस्टर ओततात, बळकटीला काथ्या घालतात, सुटलेली मूर्ती पॉलिश पेपरने घासतात, सांधे भरतात, मग गनने अंगाचा रंग, मग पितांबर, मग सोनेरी. एका पोराने साच्यावर माझा हात ठेवला. आतलं प्लॅस्टर आवळत होतं आणि साचा चांगला गरम लागत होता. ‘ताप आलाय त्याला, उतरला की काढायचा,’ तो म्हणाला.

सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे.

आखणी करणाऱ्या बाईंना सगळे काकी म्हणत होते. पन्नाशीच्या आसपासच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बसायला पाट आणि समोर फिरता स्टँड. झिरो नंबरचा ब्रश. आधी वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, त्यात पांढरा कण. उजवा झाला की स्टँड जरासा फिरवायचा आणि डावा. दोन्ही डोळे एकाच जागी बघायला हवेत, आणि ती जागा म्हणजे मखरासमोर आरतीला उभं राहणाऱ्या माणसाचा चेहरा. स्टँडवरची मूर्ती खाली असते, मखरातली वर असते. तेवढा फरक मनात धरून बुबुळ किंचित खाली उतरवायचं. हे मी विचारून विचारून काढलं. काकींचं आपलं म्हणणं एकच : ‘त्यात काय बघायचंय, ताई? दोन मिन्टांचं काम.’

दोन मिनिटांचंच होतं, घड्याळ लावून पाहिलं.

रांगेतल्या काही मूर्ती मात्र पूर्ण रंगून, सोनं चढून, दागिने घालूनही आंधळ्या बसलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पाटाला चिठ्ठी : ‘समोर’. मला वाटलं, समोरच्या शेडमध्ये न्यायच्या असतील. मालक हसला. तिशीतला, वडिलांनंतर कारखाना सांभाळणारा मुलगा. म्हणाला, ‘गिऱ्हाईक फोन करून सांगतं, डोळे आमच्यासमोर काढा. मग ठेवून देतो.’ काकी एका बैठकीत ओळीने डोळे काढत जातात, ब्रश एका लयीत चालतो. या मूर्ती त्या ओळीतून बाजूला काढून ठेवायच्या आणि ठाण्या-डोंबिवलीहून गाडी येईल तेव्हा हातातलं काम टाकून उठायचं. दोन मिनिटांच्या कामाला असा अर्धा तास लागतो.

दुपारी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, आजी आणि दहाएक वर्षांचा मुलगा. काकींनी पदराला हात पुसले आणि मूर्ती स्टँडवर घेतली. आजींनी हात जोडले. मुलगा मोबाइल घेऊन अगदी काकींच्या कोपराशी. पापणी, बुबुळ, कण, स्टँड फिरला, पापणी, बुबुळ, कण. डावा डोळा उघडला तसं त्या पत्र्याच्या शेडमध्ये खरोखरच कुणीतरी आल्यासारखं झालं, हे मी नाकारणार नाही. प्राणप्रतिष्ठा घरी चतुर्थीला भटजी करतील, पण आजींच्या डोळ्यांतलं पाणी पाहता त्यांच्यापुरती ती इथेच झाली होती.

आणि तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, ‘काकी, परत एकदा कराल का? मधेच फोन आला, व्हिडिओ कट झाला.’

काकींनी ब्रश धुतला, फडक्यात कोरडा केला आणि रंग न घेताच तो पापणीवरून केसभर अंतराने पुन्हा फिरवला. पहिल्यापेक्षा सावकाश. मान कलती, ओठांवर थोडं हसू. पांढरा कण टेकवताना तर त्या एक क्षण थांबल्यासुद्धा. व्हिडिओ छान आला. खऱ्यापेक्षा छान आला.

ते गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘खरे काढताना श्वास धरायला लागतो. तोंड वाकडं होतं. दुसऱ्यांदा चेहरा बरा ठेवता येतो.’

जोसेफ पाइन आणि जेम्स गिलमोर या दोन अमेरिकनांनी १९९८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एक लेख लिहिला होता, पुढल्या वर्षी त्याचं पुस्तकही झालं. त्यांचं उदाहरण वाढदिवसाच्या केकचं. आधी आई पीठ-साखर आणून केक घरी करायची, चार पैशांत. मग तयार मिश्रणाचं पाकीट आलं. मग बेकरीतून केक यायला लागला. मग आईबापांनी सगळा वाढदिवसच बाहेर एका कंपनीकडे सोपवला आणि केक त्यात फुकट मिळू लागला. प्रत्येक पायरीवर किंमत वाढत गेली. माल, वस्तू, सेवा आणि सर्वात वर अनुभव. धंदेवाल्यांना त्यांनी एक प्रश्नही टाकला : तुमच्या दारात शिरायचं तिकीट लावलं, तर तुम्ही काय वेगळं कराल? खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेल्या इमॅजिका थीम पार्कला हा प्रश्न कधी पडला नसेल. तिथे तिकीट आधी आणि बाकी सगळं नंतर. हमरापूर त्याच रायगड जिल्ह्यात आहे, आणि इथे केकच्या चारही पायऱ्या एका शेडमध्ये मांडलेल्या दिसतात. शाडूची पोती आहेत, कच्ची मूर्ती आहे, रंगवून घरपोच करण्याची सोय आहे, ‘समोर’ची चिठ्ठी आहे. फक्त चौथ्या पायरीवर गल्ला नाही.

मालकाला विचारलं, ‘समोर’चे वेगळे किती घेता? तो दचकलाच. ‘देवाच्या डोळ्यांचे वेगळे पैसे? छे.’ पण देवाच्या डायमंडचे वेगळे घेतो. कापडी फेटा, खरं धोतर, सोंडेवरचे खडे, सगळ्याचे दर ठरलेले आहेत. खडे चिकटवायला हात बसावा लागतो, पण तो महिन्या-दोन महिन्यांत बसतो. डोळ्यांना काकींची वीस-पंचवीस वर्षं गेली आहेत. गाठीला असलेली सर्वांत महाग गोष्ट हा माणूस संकोचापायी फुकट देतो, आणि काकींना त्या दिवशीही रोजच्या इतकीच मजुरी. उलट ‘समोर’च्या अर्ध्या तासात रांगेतल्या मूर्ती मागे पडल्या, त्या त्यांनी संध्याकाळी बल्बखाली बसून पुऱ्या केल्या. मुलुंडचा हॉलवाला दुष्ट नाही. त्याला फक्त संकोच नाही.

जुन्या कोकणात हा अनुभव कुणी विकत नव्हतं, म्हणून तो नव्हता असं नाही. घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा, सोबत सुपारी, पाटामागे खडूने नाव. त्याच पाटावर आपला गणपती घडायचा. मग महिनाभर पोरं शाळा सुटल्यावर गणपतीच्या शाळेत, आपल्या बाप्पाला सोंड आली का, हात आले का ते बघायला. एखादा लाडका असेल तर त्याला मातीचा गोळा मिळे, उंदीर करायला. तेव्हा ‘समोर’ची चिठ्ठी लागत नसे, कारण सगळंच समोर होतं. साचा आणि प्लॅस्टर आल्यावर पाट गेला. त्याच्या जागी कॅटलॉग आला, आता व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो. शहरातला वर्ग आणि इथली ‘समोर’ची चिठ्ठी या दोन्ही त्या गेलेल्या पाटाच्या भरपाया आहेत. त्यातली मला कुठली प्रामाणिक वाटते हे एव्हाना कळलंच असेल.

प्लॅस्टरचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा काढला, कारण तो काढला की शेडमधलं बोलणं थांबतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हापासून दर वर्षी साचे भरताना पोटात गोळा. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला वाट मोकळी केली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. मालक म्हणाला, ‘शाडू आम्हाला येत नाही असं नाही. पण शाडू वाळायला दिवस लागतात, जड होते, वाटेत फुटते. गिऱ्हाईक हलकी मागतं, स्वस्त मागतं आणि पर्यावरणाचीही मागतं.’ त्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात शाडूच्या मूर्ती होत्या, ओल्या फडक्याखाली. दरवर्षी तो कोपरा थोडा वाढतोय म्हणाला. मला प्लॅस्टरच्या बाजूने बोलायचं नाही. नदीकाठी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तरंगणारे हात ज्याने पाहिलेत तो बोलणार नाही. पण ‘मातीचा स्पर्श’ तीन तासांच्या दराने विकणाऱ्याने इथे प्लॅस्टरवर पोट असलेल्यांना निसर्ग शिकवू नये, एवढं वाटतं.

चहाच्या वेळी मुलुंडच्या फलकाची गोष्ट सांगितली. फी ऐकून मालकाने कप खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, जानेवारीत शाळांच्या बसगाड्या इथूनच पुढे अलिबागला जातात. तासभर थांबवल्या तर? श्रावणात पाय ठेवायला जागा नाही, पण जानेवारीत ओतकाम असतं, गडबड कमी. मी म्हटलं, पोरांना गरम साच्यावर हात ठेवायला मिळाला तरी पुरे. त्याला ते पटलं नाही. ‘पांढरी धूळ बघायला कोण पैसे देणार? लोकांना डोळे बघायचे असतात.’

‘मग काकींना बोलवा, आणि तिकिटातले अर्धे त्यांना.’

शंभराचं तिकीट लावायला त्याची हरकत नव्हती. अर्ध्यावर तो काकींकडे बघायला लागला. काकींनी मान वर न करता विचारलं, ‘जानेवारीत रंगवलेली मूर्ती कुठून आणणार?’

‘माळ्यावर गेल्या वर्षीच्या उरल्यात की. एकच खाली घ्यायची. बस आली की डोळे काढायचे, गेली की पुसायचे.’

काकींचा ब्रश थांबला. ‘पुसायचे नाय,’ त्या म्हणाल्या. ‘दर बसला नवीन मूर्ती.’

‘नवीन मूर्ती परवडेल का, काकी?’

‘मग तिकीट वाढव.’

मी गाडीसाठी उठले तेव्हा मालक वहीच्या मागच्या पानावर एका बसमध्ये पोरं किती ते मांडत होता, आणि काकी त्याला सांगत होत्या की शिक्षकांचंही तिकीट धर.