साक्षीदारावर विश्वास नाही, मग अपिलात काय दाखवायचं?

समजा, बाजारातल्या मोबाइल चोरीत एकाच साक्षीदाराच्या साक्षीवर दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला शिक्षा दिली. आपल्याला पहिला प्रश्न पडतो, एकाच्या सांगण्यावर शिक्षा होते का? होते. कायदा साक्षीदार मोजत नाही, साक्ष किती भरवशाची आहे ते पाहतो. १९५७ साली वडिवेलु थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि या दोहोंच्या मधला. मधल्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो.

आता सत्र न्यायालयात नुसतं ‘तो खोटं बोलतोय’ म्हणून भागत नाही. आपण विसंगती दाखवतो. शर्टाचा रंग चुकला, ही किरकोळ. पण पोलिसांपुढे ‘अंधारात चेहरा दिसला नाही’ आणि कोर्टात ‘चेहरा नीट पाहिला’, ही मुळावर येणारी. मात्र उलटतपासणीत तो जबाब साक्षीदारापुढे ठेवून, पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून शाबीत केलेला हवा. ते राहून गेलं, तर अपिलात त्या जबाबाचा उपयोग करता येत नाही.

म्हणून आपण अपिलाचे मुद्दे उलटतपासणीपासूनच जपायचे. निकालानंतर हातात ३० दिवसच असतात.