संगणकांतील बिऱ्हाडबदल

जुनें घर सोडून नव्या घरीं बिऱ्हाड न्यावयाचें ठरलें म्हणजे सामान उचलणें हें त्यांतलें सर्वांत सोपें काम असतें, हें कोणतीही अनुभवी गृहिणी सांगेल. जुन्या घरांत काळोखांतही हात नेमका कोनाड्यांतील दिव्यावर पडे. नव्या घरांत मुळीं कोनाडाच नसतो! एखादा मोठा डेटाबेस एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेतांना अभियंत्यांस हाच अनुभव येतो.

डेटाबेस म्हणजे संगणकांतील खतावणी. बँकेचीं खातीं, रेल्वेचीं आरक्षणें, इस्पितळांतील नोंदी हें सर्व तींत असतें. परंतु ही खतावणी स्वतंत्र नसते. स्मृतींत जागा, तबकडीवर लेखन, प्रोसेसरची पाळी या प्रत्येक गोष्टीसाठीं ती यजमान ऑपरेटिंग सिस्टीमपाशीं मागणी करिते. आणि प्रत्येक यजमानाची रीत निराळी. विंडोजला रोमन लिपींतील लहान व मोठ्या अक्षरांचा भेद फाइलींच्या नांवांत सहसा वाटत नाहीं. लिनक्सला तीं दोन वेगळीं नांवें वाटतात.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. एका खात्यांतून रक्कम वजा झाली, आणि ती दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वीं वीज गेली, तर? याकरितां डेटाबेस प्रत्येक व्यवहाराची नोंद आधीं रोजनाम्यांत करितो. परंतु “लिहिलें” असें यजमानानें सांगितलें, तरी ती नोंद खरोखर तबकडीवर पोंचली, कीं वाटेंतच थांबली आहे? याची हमी घेण्याची रीत दोन्हीं घरीं सारखी नाहीं. येथें चूक झाली तर एखाद्याची आयुष्याची पुंजी कागदोपत्रीं नाहींशी होऊं शकेल.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्याचें मूळ सायबेस कंपनीच्या डेटाबेसमध्यें. 1989 सालीं तो ओएस/2 वर आला, 1993 सालीं विंडोज एनटीवर स्थिरावला आणि पुढें सुमारें पाव शतक तेथेंच वाढला. विंडोजच्या संवयी त्याच्या हाडींमाशीं खिळल्या. मार्च 2016 मध्यें तो लिनक्सवर नेण्याची घोषणा झाली, तेव्हां पुष्कळांस आश्चर्य वाटलें. कारण याच कंपनीच्या प्रमुखानें 2001 सालीं लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती!

सर्व लेखन नव्यानें करावें, तर वर्षानुवर्षें पारखलेला विश्वास गमवावा लागता. म्हणून अभियंत्यांनीं दुसरा मार्ग धरिला. स्मृतीची व कामांच्या पाळ्यांची व्यवस्था पाहणारा एक कारभारी 2005 च्या आवृत्तीपासूनच डेटाबेसच्या पोटांत होता. त्याला ‘ड्रॉब्रिज’ नांवाच्या जुन्या संशोधनाची जोड देऊन, विंडोजचे लागतील तेवढेच भाग बरोबर घेतले, आणि खालीं लिनक्सकडे फक्त मोजक्याच मागण्या जातील असा एक थर रचला. जणूं चूल, पाट, फडताळ जसेंच्या तसें नेऊन केवळ जमीन बदलली! ऑक्टोबर 2017 मध्यें ही आवृत्ति बाहेर पडली. फाइलस्ट्रीमसारख्या कांहीं सोयी मात्र मागें राहिल्या. बिऱ्हाडबदलांत थोडें सामान मागें राहतेंच.

तात्पर्य, घर बदलतांना काय न्यावें याइतकाच कशास हात लावूं नये याचाही विचार हवा. दिवाणखान्याची मांडणी बदलली तर चार दिवस अडखळावें लागेल. परंतु ज्या पेटींत दुसऱ्यांची ठेव आहे, ती पोंचल्यावर उघडून, मोजून पाहिल्यावांचून जुन्या घराची किल्ली परत करूं नये.