घशातली चामखीळ

तीन वर्षांच्या मुलाचा आवाज महिनोन्महिने घोगरा राहिला तर आपण काय करतो? "ओरडून ओरडून बसलाय," म्हणत हळद-दूध देतो. पुढे श्वासाची घरघर सुरू झाली की दम्याचा पंप येतो. बहुतेकदा हे ठीकच असतं. पण क्वचित एखाद्या मुलाच्या स्वरतंतूंवर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या गाठी वाढत असतात.

या आजाराचं नाव लांबलचक आहे: रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. गाठी कर्करोगाच्या नसतात, पण लहान मुलाचं स्वरयंत्र इतकं अरुंद असतं की साधी गाठही श्वास कोंडू शकते. आणि 'रिकरंट' हा शब्द अगदी शब्दशः घ्या. काढल्या तरी त्या परत येतात. काही रुग्णांच्या आयुष्यात शंभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

कारण आहे एचपीव्ही हा विषाणू, त्यातले प्रकार 6 आणि 11. हेच प्रकार जननेंद्रियांवर चामखिळी आणतात. बाळाला संसर्ग सहसा जन्माच्या वेळी आईकडून होतो. इथे एक गोष्ट ठासून सांगते: यात आईचा काही दोष नाही. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो आणि तो असलेल्या बहुसंख्य आयांच्या बाळांना काहीही होत नाही. आजार मोठेपणीही सुरू होऊ शकतो.

सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली लेसरने किंवा मायक्रोडिब्रायडर नावाच्या फिरत्या पात्याने गाठी काढतात. पण खोलवर कापलं तर स्वरतंतूंवर व्रण राहून आवाज कायमचा बिघडतो, म्हणून हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या आवरणातही विषाणू दडून बसलेला असतो. वरचं तण काढलं, मुळं तशीच.

म्हणून आता औषधांकडे लक्ष आहे. बेव्हासिझुमॅब हे मूळचं कर्करोगावरचं औषध. ते गाठींना रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पॅपझिमिओसला प्रौढांसाठी मान्यता दिली. यात गोरिलाचा एक निरुपद्रवी केलेला अ‍ॅडेनोव्हायरस एचपीव्ही 6 आणि 11 ची ओळख आपल्या प्रतिकारशक्तीला करून देतो. 12 आठवड्यांत चार इंजेक्शनं. चाचणीतल्या 35 पैकी 18 जणांना नंतरचं वर्षभर एकही शस्त्रक्रिया लागली नाही. चाचणी छोटी होती, तुलनेसाठी वेगळा गटही नव्हता; तरी ज्यांना आधी वर्षात किमान तीनदा भूल घ्यावी लागत होती, त्यांच्यासाठी हे थोडकं नाही.

पण मला खरी मोठी बातमी वाटते ती लसीची. ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये चारही प्रकारांची (6, 11, 16, 18) लस मुलींना द्यायला सुरुवात केली. तिथे लहान मुलांमधल्या नव्या रुग्णांचं प्रमाण 2012 मध्ये लाखामागे 0.16 होतं, ते 2016 मध्ये 0.02 वर आलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकमध्येही हेच चार प्रकार आहेत. ब्रिटनमधल्या वाचकांनी मात्र एक लक्षात घ्या. 2008 ते 2012 या काळात तिथल्या शाळांमध्ये दिलेल्या लसीत फक्त 16 आणि 18 होते. त्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत.