धावण्याच्या चाचणीचा आगाऊ अंदाज

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड हे लष्करी छावणीचे गाव. एका बाजूस आयुध भांडार व आयुध निर्माणी, दुसऱ्या बाजूस पिंपरी-चिंचवड व चाकणचे कारखाने आणि पुढे तळेगावला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र. साहजिकच या परिसरातील अनेक तरुणांच्या मनात गणवेशाची ओढ असते. सैन्य किंवा पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने व मोकळ्या मैदानांवर धावणाऱ्यांची संख्या वाढू लागते.

या तरुणांपुढील प्रश्न एका अंतराचा असतो. सैन्यातील अग्निवीर भरतीसाठी 1.6 किलोमीटर धावावे लागते आणि ते अंतर साडेपाच मिनिटांत पूर्ण करणाऱ्यास पूर्ण 60 गुण मिळतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण पुरुषांसाठी 1600 मीटर व महिलांसाठी 800 मीटर धावण्यास ठेवलेले आहेत. काही सेकंदांच्या फरकाने वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते.

असे असूनही, त्या दिवशी आपण किती वेळात धावू, हे बहुतेक उमेदवारांना आधी सांगता येत नाही. काही जण ते जाणून घेण्यासाठी रोज पूर्ण अंतर सर्व शक्तीनिशी धावतात. त्यामुळे तयारी वाढण्याऐवजी थकवा साचतो, नडगी व गुडघे दुखू लागतात. काही जण उलट कधीच वेळ मोजत नाहीत. या दोहोंच्या मधला एक मार्ग मध्यम पल्ल्याच्या धावपटूंनी पूर्वीच शोधून ठेवला आहे. तो म्हणजे इंटरव्हल पद्धत : ठराविक अंतराचे टप्पे, मध्ये ठराविक विसावा आणि प्रत्येक टप्प्याच्या वेळेची नोंद.

पद्धतीचा उगम

1930 नंतरच्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक व हान्स राइंडेल हे वैद्यक यांनी या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. वेगाने धावताना नाडीचे ठोके मिनिटाला 180 पर्यंत जावेत आणि दीड मिनिटाच्या आत ते 120 वर यावेत. तसे झाले नाही, तर तो टप्पा त्या धावपटूला झेपणारा नव्हता असे समजावे, हा त्यांचा दंडक होता. गेर्शलर यांचे शिष्य रूडॉल्फ हार्बिग यांनी 1939 मध्ये मिलान येथे 800 मीटर अंतर 1 मिनिट 46.6 सेकंदांत पार करून जागतिक विक्रम केला.

या पद्धतीतून शर्यतीचा अंदाज कसा बांधता येतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टर यांचे आहे. एक मैल, म्हणजे 1609 मीटर, हे अंतर चार मिनिटांच्या आत धावणे त्या काळी अशक्यप्राय मानले जाई. वैद्यकाचे विद्यार्थी असलेले बॅनिस्टर 440 यार्डांचे, म्हणजे सुमारे 402 मीटरचे, दहा टप्पे धावत व मध्ये दोन मिनिटांचा विसावा घेत. 1953 च्या डिसेंबरात प्रत्येक टप्प्याला 66 सेकंद लागत. पुढील काही महिन्यांत ही वेळ 61 सेकंदांवर आली आणि तेथेच अडकली. तेव्हा त्यांनी सराव थांबवला व काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गिर्यारोहणात घालवले. परतल्यावर तेच टप्पे त्यांनी 59 सेकंदांनी पूर्ण केले. दिनांक 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांनी मैलाचे अंतर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत पार केले. ही वेळ चार समान भागांत वाटली, तर प्रत्येक भागास 60 सेकंदांहून किंचित कमी वेळ येते. सरावातील टप्प्यांनी जे सांगितले होते, तेच शर्यतीत घडले.

भरतीतील 1.6 किलोमीटर हे अंतर मैलापेक्षा अवघे नऊ मीटर कमी आहे. म्हणून हा दाखला देहूरोडच्या उमेदवारालाही लागू पडतो. फरक फक्त वेगाचा आहे.

अंदाज का बांधता येतो

1600 मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या शक्तीचा बराच मोठा वाटा श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होतो. उरलेली शक्ती स्नायू प्राणवायूवाचून निर्माण करतात. पण त्यामुळे स्नायूंतील आम्लता वाढते व पाय जड होतात. एकच फेरी जोरात धावून दाखवणे पुष्कळांना जमते, कारण तेवढ्या वेळात हा जडपणा पुरता जाणवत नाही. अपुऱ्या विसाव्यानंतर तीच फेरी पुन:पुन्हा त्याच वेळेत धावता येते काय, यावर शर्यतीतील तिसऱ्या व चौथ्या फेरीत काय होईल हे समजते. म्हणून या चाचणीत विसावा हा धावण्याइतकाच महत्त्वाचा घटक आहे. विसावा दीड मिनिटाऐवजी तीन मिनिटे केला, तर टप्प्यांच्या वेळा सुधारतात. मात्र अंदाज खोटा ठरतो.

चाचणी कशी घ्यावी

1600 मीटरसाठी 400 मीटरचे सहा टप्पे व प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये दीड मिनिट चालत विसावा, ही योजना शाळेच्या शिक्षकालाही सहज राबवता येईल. आदल्या दिवशी हलका सराव असावा. प्रारंभी 15 मिनिटे संथ धावणे व अंग मोकळे करणारे व्यायाम करावेत. लक्ष्य साडेपाच मिनिटांचे असेल, तर 330 सेकंदांचे चार भाग केल्यास प्रत्येक फेरीस साडेब्याऐंशी सेकंद येतात. पहिल्या टप्प्यापासून हाच वेग धरावा. शिक्षकाने प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत लिहावी. टप्पा संपताच व विसावा संपताना दहा सेकंदांत नाडीचे ठोके मोजावेत. सुरुवातीच्या टप्प्यांनंतरचा विसावा संपताना हे ठोके 20 च्या आसपास आले नाहीत, तर धरलेला वेग त्या उमेदवाराला आज झेपणारा नाही.

आकडे कसे वाचावेत

केवळ सरासरी पाहणे पुरेसे नाही, हे पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका उमेदवाराच्या सहा टप्प्यांच्या वेळा 82, 82, 81, 82, 83 व 82 सेकंद आहेत. दुसऱ्याच्या वेळा 74, 77, 81, 84, 87 व 89 सेकंद आहेत. दोघांचीही सरासरी 82 सेकंद येते. पहिल्याबाबत 82 ला चाराने गुणून 328 सेकंद, म्हणजे 5 मिनिटे 28 सेकंद, हा अंदाज धरण्यास हरकत नाही. दुसऱ्याबाबत मात्र तसा अंदाज बांधता येत नाही. त्याच्यापाशी वेग आहे, परंतु तो टिकत नाही. भरतीच्या दिवशी तो पहिल्या फेरीत पुढे राहील व अखेरच्या फेरीत मागे पडेल. त्याला आधी संथ, लांब धावण्याची व वेग आवरण्याची सवय लावणे आवश्यक आहे.

महिलांच्या 800 मीटरसाठी 200 मीटरचे सहा टप्पे व मध्ये एक मिनिट विसावा ठेवता येईल. मात्र टप्पा आखूड असल्याने येणारा अंदाज प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसण्याची शक्यता असते. यावर उपाय असा की, तयारीच्या काळात एकदा पूर्ण अंतराची चाचणी घ्यावी आणि टप्प्यांवरून काढलेली वेळ व प्रत्यक्ष वेळ यांतील फरक त्या उमेदवाराच्या नावापुढे लिहून ठेवावा. हा फरक प्रत्येकाचा निराळा असतो. पुढील प्रत्येक अंदाजात तो मिळवला, की अंदाज अधिक विश्वसनीय होतो. पुरुषांच्या चाचणीसही हाच नियम लावावा.

अंदाजाच्या मर्यादा

उत्तम धावपटूची वेळही दोन दिवसांत बदलते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली. दोन दिवसांनी झालेल्या अंतिम फेरीत त्यांना 9 मिनिटे 22.74 सेकंद लागले व त्या दहाव्या आल्या. धावपटू तीच होती, अंतर तेच होते, तरी वेळेत सुमारे तीन सेकंदांचा फरक पडला. म्हणून अंदाज नेहमी काही सेकंदांच्या पट्ट्यात सांगावा. ज्याचा अंदाज नेमका साडेपाच मिनिटे येतो, त्याने आपण सुरक्षित आहोत असे मानू नये.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले व तेथून धावपटू म्हणून पुढे आले. 2022 च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक अवघ्या 0.05 सेकंदाने हुकून त्यांना रौप्यपदक मिळाले; पुढील वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले. जुलै 2024 मध्ये पॅरिस येथे त्यांनी 8 मिनिटे 9.91 सेकंद अशी वेळ दिली. अडथळे पार करूनही दर 400 मीटरला सरासरी सुमारे 65 सेकंद असा तो वेग आहे. हा आकडा पाहून नवोदिताने एकदम तो वेग धरू नये. वर्षानुवर्षांच्या सरावाने एकेक सेकंद कमी होत गेल्यावरच असे आकडे दिसतात.

जिवाची काळजी

या विषयाची दुसरी बाजू गंभीर आहे. 2024 मध्ये झारखंडातील उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या काळात 10 किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवार दगावले. आपली कुवत ठाऊक नसताना उन्हात सर्वस्व पणाला लावून धावणे जिवावर बेतू शकते. ज्याने वेळोवेळी आपले टप्पे मोजले आहेत, त्याला आपली मर्यादा कळलेली असते. ताप असताना, जुलाबानंतर किंवा रात्रभराच्या जागरणानंतर चाचणी घेऊ नये. छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे अथवा बोलण्यात गोंधळ दिसणे ही लक्षणे आढळताच धावणे थांबवून उमेदवारास वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. उत्तेजक औषधे व इंजेक्शने कटाक्षाने टाळावीत. पूर्ण चाचणी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच घ्यावी आणि अखेरची चाचणी भरतीच्या किमान दहा दिवस आधी उरकावी. बॅनिस्टर यांना अडलेले दोन सेकंद विश्रांतीनंतरच मिळाले होते, हे विसरू नये.

गावाने काय करावे

बालेवाडी येथे 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल देहूरोडच्या तरुणांना फार दूर नाही. परंतु रोजच्या सरावासाठी मैदान गावातच हवे, आणि ते तयार करण्यास मोठा खर्च येत नाही. सुमारे 90 मीटर लांब व 40 मीटर रुंद जागा असल्यास 200 मीटरचा धावमार्ग आखता येतो. 50 मीटरच्या दोन समांतर सरळ रेषा आणि त्यांच्या टोकांना 15 मीटर 62 सेंटीमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे फक्कीने आखावीत. धावणारा या रेषेपासून सुमारे 30 सेंटीमीटर बाहेरून धावतो, तेव्हा त्याची एक फेरी 200 मीटरची होते. आठ फेऱ्या म्हणजे 1600 मीटर. अंतर टेपनेच मोजावे. भ्रमणध्वनीवरील मोजणी इतक्या लहान अंतरासाठी पुरेशी अचूक नसते.

एक मापलेले मैदान, एक घड्याळ व एक वही एवढी साधने शाळा व ग्रामपंचायत मिळून उपलब्ध करून देऊ शकतात. वहीतील नोंदी पाहून शिक्षकाला एखाद्या उमेदवारास तो तयार आहे असे सांगता येईल, तर दुसऱ्यास आणखी तीन महिने लागतील हेही वेळीच सांगता येईल. हे दुसरे सांगणे कटू वाटले तरी अधिक मोलाचे आहे. भरतीच्या मैदानावर कळून येणारी उणीव तेथे भरून काढता येत नाही; तीच गावच्या मैदानावर तीन महिने आधी कळली, तर ती दूर करण्यास पुरेसा अवधी मिळतो.