सर्वभूमी टायर

सर्वभूमी टायर : डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता, मुरमाची वाट, खडकाळ माळ, वाळू व बेताचा चिखल अशा भिन्न पृष्ठांवर एकाच वाहनाला चालता यावे म्हणून खोल खोबणी व सुट्या ठोकळ्यांची नक्षी देऊन बनविलेला, हवा भरण्याचा टायर. व्यवहारात त्यास ‘ऑल-टेरेन’ किंवा ‘ए. टी.’ टायर म्हणतात. जीप जातीची वाहने व पिकप यांवर तो बसवितात. केवळ रस्त्यासाठी असलेला टायर आणि केवळ चिखलासाठी असलेला टायर यांच्या मधली ही जात आहे. त्यामुळे कोणत्याही एका पृष्ठावर हा टायर सर्वोत्तम ठरत नाही. अनेक पृष्ठांवर पुरेसा उपयोगी पडणे हाच त्याचा गुण होय. शेतमाल वाहणाऱ्या पिकपच्या बाबतीत या टायरची निवड कशी करावी, त्यापासून कोणती अपेक्षा ठेवावी व कोणती ठेवू नये, हे मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

इतिहास : लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची पद्धत भारतात शतकानुशतके चालत आली. धावेमुळे चाक टिकते, परंतु ती अरुंद व कठीण असल्याने ओल्या जमिनीत रुतते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावला आणि टिकाऊ रबरी टायरची वाट मोकळी झाली. हवा भरलेल्या चाकाचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. मात्र असा टायर व्यवहारात आला तो जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील टायरमुळे. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये अरीय (रेडियल) टायरचे एकस्व घेतले. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने १९७६ मध्ये अरीय रचनेचा सर्वभूमी टायर बाजारात आणला आणि तेव्हापासून ही स्वतंत्र जात रूढ झाली. भारतात डनलॉप कंपनीचा साहागंज (पश्चिम बंगाल) येथील कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर आले आणि साखर कारखान्यांच्या परिसरात टायरच्या बैलगाड्या ऊस वाहू लागल्या. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे टायरनिर्मितीचे कारखाने आहेत.

रचना व कार्य : अरीय टायरच्या सांगाड्यातील धाग्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, परिघाशी जवळजवळ काटकोनात जातात. त्यांच्यावर, नक्षीच्या खाली, पोलादी तारांचे पट्टे असतात. या पट्ट्यांमुळे जमिनीला टेकणारा भाग सपाट व स्थिर राहतो आणि बाजूच्या भिंती लवचिक राहतात. भिंती लवचिक असल्याने टायर दगडधोंड्यांवर सामावून घेत चालतो, पण त्याच भिंती पातळ असल्यामुळे त्यांना काप बसण्याचे भय अधिक असते.

नक्षीचे कार्य दुहेरी असते. ठोकळ्यांच्या कडा सैल जमिनीत शिरून तिला मागे रेटतात व त्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते. खोबणी पाणी व माती बाहेर जाण्यास वाट देतात. खोबणी जितक्या रुंद तितकी सैल जमिनीवरील पकड चांगली. परंतु डांबरी रस्त्याला टेकणारे रबर तितकेच कमी होते. सुटे ठोकळे रस्त्यावर वाकतात व परत सरळ होतात. या हालचालीत ऊर्जा खर्च होते, आवाज वाढतो, ठोकळ्यांची झीज असमान होते आणि इंधन काहीसे अधिक लागते. ओल्या डांबरी रस्त्यावर थांबण्याचे अंतरही चांगल्या रस्ता-टायरपेक्षा वाढू शकते. म्हणून सर्वभूमी टायर घेणे म्हणजे रस्त्यावरील काही गुण देऊन कच्च्या वाटेवरील काही गुण विकत घेणे होय.

भूमी व ऋतू : नांदेड व लातूर जिल्ह्यांचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकांवर वसलेला आहे. हे खडक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनले. त्यांच्या अपक्षयाने तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असते. ही माती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. उन्हाळ्यात तिचा पृष्ठभाग कठीण असतो व त्यावर कोणताही टायर चालतो. पावसात मात्र तीच माती चिकट रेंदा बनते, टायरच्या खोबणी भरून टाकते आणि चाक व चिखलरोधक पत्रा यांच्यामधील जागेतही दाटते. खोबणी भरल्या की नक्षीदार टायर व गुळगुळीत टायर यांत फारसा भेद उरत नाही. चाक वेगाने फिरले तर केंद्रोत्सारी प्रेरणेने माती फेकली जाते. पण रुतलेल्या चाकाला वेग दिल्यास ते जागच्या जागी फिरून अधिकच खोल जाते.

नांदेड जिल्ह्याच्या आग्नेयेकडील देगलूर, बिलोली भागात ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडक आढळतात. तेथील तांबूस, भरड व वाळूमिश्रित माती पाण्याचा निचरा करते, त्यामुळे अशा वाटांवर सर्वभूमी टायरची नक्षी खरोखर कामी येते. किनवट व माहूरच्या डोंगराळ वनप्रदेशातील खडकाळ चढ, बालाघाटावरील मुरमाच्या वाटा आणि नदी-नाल्यांचे वाळूचे उतार येथेही हा टायर रस्ता-टायरपेक्षा सरस ठरतो.

दुसरीकडे वाहनाचा बराच प्रवास पक्क्या रस्त्यावर होतो. तुळजापूर, लातूर, अहमदपूर व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ या प्रदेशातून जातो. सोयाबीन, तूर व हरभरा लातूरच्या बाजारपेठेत जातात. अर्धापूर भागातील केळी व हळद नांदेडमार्गे बाहेर जाते. शेतापासून गावापर्यंतचा पाणंद रस्ता हा या प्रवासाचा लहान पण सर्वांत अवघड टप्पा असतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली, ती याच अडचणीसाठी. सोयाबीनची काढणी व परतीचा पाऊस अनेकदा एकाच वेळी येतात आणि त्या आठवड्यांत टायरची खरी परीक्षा होते.

निवड : टायर निवडताना नक्षीकडे प्रथम लक्ष जाते, वास्तविक प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे भारक्षमता. टायरच्या भिंतीवर मापापुढे एक अंक व एक अक्षर असते. अंक हा भारांक व अक्षर हे वेगदर्शक चिन्ह होय. भारांक १०० म्हणजे एका टायरवर ८०० किग्रॅ., १०४ म्हणजे ९०० किग्रॅ., १०८ म्हणजे १,००० किग्रॅ. व ११२ म्हणजे १,१२० किग्रॅ. भार चालतो. पूर्ण भरलेल्या पिकपच्या मागील आसावर २,००० किग्रॅ. भार येत असेल, तर तेथील प्रत्येक टायरचा भारांक निदान १०८ असला पाहिजे. २१५/७५ आर १५ या एकाच मापात जीप जातीच्या प्रवासी वाहनासाठी १०० भारांकाचा आणि मालवाहू पिकपसाठी अधिक थरांचा, अधिक भारांकाचा असे दोन्ही प्रकार मिळतात. चाकाच्या कड्यावर दोन्ही सारखेच बसतात. ठळक नक्षी पाहून पहिला प्रकार घेतला, तर वरील उदाहरणात प्रत्येक मागील टायरवर २०० किग्रॅ. जादा भार पडतो. हा दोष रिकाम्या गाडीत दिसत नाही. तो उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, महामार्गावर टायर फुटून प्रकट होतो. मालवाहू वाहनातून मजुरांची ने-आण नियमबाह्य असूनही ती होताना दिसते. अशा वेळी या चुकीची किंमत मालाच्या नुकसानीपुरती राहत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. वरील मापात २१५ ही मिमी.मधील रुंदी, ७५ ही रुंदीच्या शेकडेवारीत भिंतीची उंची, ‘आर’ ही अरीय रचनेची खूण व १५ हा कड्याचा इंचांतील व्यास होय. या टायरचा बाह्य व्यास सु. ७०३ मिमी. भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसविल्यास तो सु. ७३३ मिमी., म्हणजे सु. ४ टक्क्यांनी अधिक होतो. जमिनीपासूनची उंची १५ मिमी. वाढते, परंतु वेगमापक ताशी ६० किमी. दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग ६२·५ किमी.च्या आसपास असतो, चढावरील ओढ घटते आणि चाक वळताना टायर पत्र्याला घासण्याचा संभव असतो. म्हणून वाहननिर्मात्याने मान्य केलेल्या मापातच राहणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट प्रवासाच्या हिशेबाची. वर्षाच्या एकूण प्रवासापैकी बहुतांश डांबरी रस्त्यावर होत असेल आणि कच्ची वाट कोरड्या दिवसांतच लागत असेल, तर चांगला रस्ता-टायर पुरेसा असतो. मुरूम, खडी व माळ यांवर रोजची फेरी असेल, तर सर्वभूमी टायरचा जादा खर्च भरून निघतो. केवळ चिखलासाठी असलेला टायर महामार्गावर लवकर झिजतो. मालवाहू पिकपला तो क्वचितच परवडतो. टायरवर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह आहे याची खात्री करावी. भिंतीवरील चार अंकी संख्या निर्मितीचा काळ सांगते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. ‘एम+एस’ हे अक्षरचिन्ह चिखल व बर्फासाठी योग्य नक्षी दर्शविते. ते निर्मात्याचे वर्णन आहे, काळ्या मातीतील पकडीची हमी नव्हे.

चारही चाकांवर एकाच जातीचे टायर असणे उत्तम. निदान एका आसावर दोन भिन्न जाती नसाव्यात, अन्यथा गती रोखताना गाडी एका बाजूस ओढली जाते. बहुतेक पिकपमध्ये इंजिनाची शक्ती मागील चाकांना मिळते. गाडी रिकामी असताना मागील आस हलका असल्यामुळे ती चाके ओल्या वाटेवर सहज घसरतात. भरल्यावर पकड वाढते, पण रुतण्याचे भयही वाढते. शक्ती दोनच चाकांना असलेली गाडी केवळ टायर बदलल्याने चारचाकी शक्तीच्या गाडीची बरोबरी करू शकत नाही.

हवेचा दाब : जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ स्थूलमानाने भार भागिले दाब इतके असते. एका चाकावर ६०० किग्रॅ. भार व दाब प्रत्येक चौ. इंचास ५० पौंड असल्यास ते सु. १७० चौ. सेंमी. येते, दाब निम्मा केल्यास दुप्पट होते. म्हणून वाळूत वा मऊ जमिनीत हवा कमी केल्याने गाडी निघते. मात्र दाब घटला की टायरची भारक्षमताही घटते. हा उपाय हलक्या गाडीपुरता, मंद गतीने व थोड्या अंतरासाठीच योजावा आणि पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते व तापते. एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या वर जाते तेव्हा ही उष्णता बाहेर पडत नाही आणि थर सुटू लागतात.

दाब टायर थंड असताना मोजावा. २७° से. तापमानाला ५० पौंड असलेला दाब टायर ५७° से. तापल्यावर सु. ५६ पौंड होतो. ही वाढ स्वाभाविक असते. ती पाहून हवा काढल्यास थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो. योग्य दाब वाहनावरील पट्टीवर पुढील व मागील चाकांसाठी, रिकाम्या व भरल्या गाडीसाठी वेगळा दिलेला असतो. टायरच्या भिंतीवरील आकडा हा रोजच्या वापराचा दाब नसून कमाल मर्यादेशी संबंधित असतो.

देखभाल : या प्रदेशात टायरचे मोठे शत्रू म्हणजे तुरीचे व पऱ्हाटीचे धसकट, वेड्या बाभळीचे काटे आणि बेसाल्टची धारदार खडी. तिरप्या कापाचे वाळलेले धसकट भिंतीत शिरले, तर ट्यूबविरहित टायरही निकामी होतो. नक्षीच्या भागातील छिद्र बुजविता येते. भिंतीवरील काप ठिगळाने सुरक्षित होत नाही. खोबणीत अडकलेले खडे वेळोवेळी काढावेत, कारण ते हळूहळू आतील पोलादी पट्ट्यांपर्यंत पोहोचतात व तेथून पाणी शिरून तारा गंजतात. कड्याच्या आत वाळलेला चिखल चाकाचा तोल बिघडवितो, म्हणून शेतातून आल्यावर चाके आतूनही धुवावीत. ठोकळेदार नक्षी असमान झिजत असल्याने साधारणपणे दर ८ ते १० हजार किमी.नंतर चाकांची अदलाबदल करणे हितावह असते. खोबणीची खोली १·६ मिमी. उरली की टायर बदलणे आवश्यक असते. खोबणीतील उंचवट्याच्या खुणा ही मर्यादा दाखवितात. कच्च्या वाटेवरील पकड मात्र त्यापूर्वीच बरीच कमी झालेली असते.

मर्यादा : ओल्या काळ्या जमिनीत कोणताही रबरी टायर एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाही. तेथे अडचण पकडीची नसून मातीच्याच बलाची असते : चाकाखालील थर भार पेलू शकत नाही. शिवाय अशा जमिनीत भरलेली गाडी घातल्यास चाकाखालची माती दाबली जाऊन घट्ट होते, पाणी मुरणे मंदावते आणि पुढील पिकाच्या मुळांना त्या पट्ट्यात वाढणे कठीण जाते. मशागतीसाठी शेतकरी वापशाची वाट पाहतो. वाहनासाठीही तोच दंडक योग्य ठरतो. वापसा येईपर्यंत माल बांधावर किंवा मुरमाच्या कडेवर आणून तेथून भरणे, हे अधिक खोल नक्षीच्या टायरपेक्षा स्वस्त व खात्रीचे असते. योग्य भारांक, योग्य दाब व वापशाचे भान या तीन गोष्टी सांभाळल्या, तर सर्वभूमी टायर आपले काम चोख करतो. त्या सोडल्या, तर केवळ नक्षीच्या बळावर तो गाडीला तारू शकत नाही.